गव्हाण्यांच्या घरची मापं

“तुझ्या पुस्तकातल्या माणसांना हात नाहीत का गं?” मी विचारलं.

माजघरात रेवतीनं नऊ चित्रं ओळीनं मांडून ठेवली होती आणि स्वतः भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र. मी दुकानातून पाणी प्यायला आत आले होते. चित्रांवरून उडी मारून माठापर्यंत जायचं वय माझं तेव्हाही नव्हतं, म्हणून उभ्या उभ्या बघत राहिले. एका बाईचे हात पदराखाली. मास्तरांचे पाठीमागं. पोराचे चड्डीच्या खिशात. माळणीचे कोपरापर्यंत भाजीच्या पाटीत. कुंभाराचे तर चिखलात, म्हणजे बघायलाच नको.

“सगळं गाव थोटं, नाहीतर चोर,” मी म्हणाले.

मला वाटलं, सून फणकारेल. तर तिनं डोळ्याला पदर लावला.

“पत्रात पण तेच लिहिलंय, आई. फक्त चांगल्या शब्दांत.”

“वाच की.”

मी तिसरीपर्यंत शिकलेली. छापलेलं वाचते, हातानं लिहिलेलं मला लागत नाही. रेवतीनं वाचलं. चेहरे छान आहेत, रंग छान आहेत, पण गोष्ट हातांची आहे आणि हात कुठंच दिसत नाहीत. महिन्याभरात सगळी चित्रं नवीन काढून द्यावीत, नाहीतर नाइलाजानं काम दुसऱ्याकडं सोपवावं लागेल.

गोष्ट मला माहीत होती, तिनं आधी सांगितली होती. बाजारात एका शेळीच्या गळ्यातलं घुंगरू पडतं. ते एकाला सापडतं, तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. असं बाजारभर हातोहात फिरून ते शेवटी शेळीच्या गळ्यात परत येतं. पोरांची गोष्ट. आता हातोहात फिरायचं म्हणजे हात नकोत का?

“मग काढ की हात. त्यात काय?”

“येत नाहीत मला,” ती म्हणाली. “सोलापूरला चित्रकलेचे दोन वर्षांचे वर्ग केले, तिथंही आले नाहीत. काढले की वांग्याला पाच भेंड्या चिकटवल्यासारखे दिसतात. म्हणून लपवते.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोक्यात एक विचार आला. तो काही साधासुधा विचार नव्हता. आता कबूल करायला हरकत नाही.

ही पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं पांगरखेड बार्शीच्या पलीकडचं बाजाराचं गाव. मी द्वारकाबाई, आम्ही अंदुरे कासार, बांगड्यांचा धंदा. मालक होते तोवर पंचक्रोशीतल्या लग्नांचे चुडे आमच्याकडं. मालक गेले आणि तेराव्याच्या आतच पेठेतल्या दुसऱ्या कासारानं, मुरलीधर दगड्यानं, चार बायकांत बोलून टाकलं, “रोजच्या बांगड्या वहिनींनी भराव्यात, पण नवरीच्या चुड्याला तो हात बरा दिसत नाही.” झालं. तेच दुकान, त्याच बांगड्या, तेच हात. पण नवरीला आता ते चालेनात. अकरा वर्षं लग्नाचा एक चुडा माझ्या दुकानातून गेला नव्हता. मुरलीधरशी मी तेव्हापासून बोलत नव्हते. रस्त्यात दिसला तर मी देवळाच्या कळसाकडं बघायची.

सून आणली ती म्हणूनच. मुलगा साखर कारखान्यात पाळ्या करायचा, त्याला दुकानाचा गंध नाही. सून सवाष्ण, कासाराचीच पोर, चुडा भरायला तिच्या हाताला कोण नाव ठेवणार? पण दोन वर्षं झाली तरी सूनबाई दुपारचं काम उरकलं की कागद घेऊन बसायची. आणि त्या वैशाखात गव्हाण्यांच्या घरी लग्न निघालं होतं. गव्हाणे म्हणजे गावातलं पहिलं घर. त्यांच्या आजीनं मला निरोप धाडला होता, “सून भरणार असेल तर चुडा तुमच्याकडंच.” गव्हाण्यांचा चुडा आला की मागून सगळं गाव येणार, हे मला कळत होतं आणि मुरलीधरलाही.

“रेवती,” मी म्हणाले, “हात मी शिकवते तुला.”

“तुम्ही? चित्रातले?”

“चित्रातले कुठले असतात? हात तो हात. उद्यापासून दुकानात बस. हात मी शिकवीन, आणि गव्हाण्यांचा चुडा तू भरायचास. कबूल?”

तिनं डोळे पुसले. “कबूल.”

पहिल्या दिवशी तिनं नऊ बांगड्या वाढवल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कंपाउंडरची बायको बसली होती, तिच्या मनगटावर ओरखडा आला.

“मामी, सुनेला शिकवताय का माझा जीव घेताय?”

“तुझा जीव मनगटात कुठला? तोंडात आहे,” मी म्हटलं आणि रेवतीच्या हातावर चापट मारली. “बघत काय बसलीस? हात बघायचा नसतो, धरायचा असतो. डोळे मीट.”

“काय?”

“मीट डोळे. आता सांग, कुठं अडतंय?”

तिनं चाचपलं. “अंगठ्याच्या बुडाशी. इथं हाड वर येतंय.”

“ते हाड आत घालायचं. अंगठा तळव्यात मोडायचा, करंगळीकडची बाजू त्याच्याकडं आणायची. हाताची सुरळी होते. माणूस केवढाही धिप्पाड असू दे, हाताची सुरळी होते. मग बांगडी ढकलायची नाही, हात बांगडीत ओढायचा.”

“आणि आखडून धरला तर?”

“माहेरचं विचारायचं.”

“म्हणजे?”

“कंपाउंडरणी, तुझी आई काय म्हणते गं? गुडघा बरा आहे का?”

कंपाउंडरची बायको सांगायला लागली, आईचा गुडघा, भावजयीचा तोरा, वाटणीचं लिंबाचं झाड. बोलता बोलता तिचा हात लोण्यासारखा सैल पडला आणि दोन बांगड्या सरसर गेल्या. रेवती बघतच राहिली. तिला काय दिसलं कुणास ठाऊक. खाली ठेवलेल्या जुन्या वहीवर तिनं काहीतरी ओढलं, खोडलं, पुन्हा ओढलं.

आठ दिवसांत ती बांगड्या वाढवेनाशी झाली. पंधरा दिवसांत बायका तिच्याच समोर हात धरायला लागल्या. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, लागली पोरगी धंद्याला. चित्रांचं खूळ जाईल हळूहळू.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी विचारलं, “ह्या चित्रांतून तुला मिळवायचं तरी काय आहे?”

ती काचेचे चुरे झाडत होती. म्हणाली, “शाळेच्या पुस्तकात चित्रं असायची बघा. त्यातली आई टेबलावर जेवायला वाढायची. अंगण असायचं, त्यात गुलाब. मी शोधायची, आमच्या आईसारखी एक तरी बाई कुठं आहे का. नव्हती. मग मीच पेन्सिलीनं त्या बाईच्या कपाळावर मोठं कुंकू काढलं, काष्टा काढला, कडेवर धाकटा भाऊ दिला. गुरुजींनी छडीनं हात सुजवला.”

“बरं केलं. पुस्तक खराब केलंस.”

“हो,” ती हसली. “पण मला तेच करायचंय. आपल्या बाजारातली माणसं पुस्तकात बसवायचीत. छापून. तिसावं लागायच्या आत एक पुस्तक, माझं नाव असलेलं.”

“आणि मग?”

“मग काय? दुसरं पुस्तक.”

खूळ जाणार नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

लग्नाच्या तीन दिवस आधी, मंगळवारी, पोस्टाजवळच्या फोनबूथवरचा माणूस हाका मारत आला. पुण्याचा फोन. रेवती पळत गेली आणि चालत परत आली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, कुणी गेलं की काय.

“गुरुवारी दुपारपर्यंत चित्रं मागितलीत. शुक्रवारी छापखान्यात जाणार. मला स्वतःला बोलावलंय, एक-दोन ठिकाणी तिथंच बसून रंग सुधारावे लागतील म्हणाले. दुसऱ्या चित्रकाराशी बोलून ठेवलंय त्यांनी, मी नाही पोचले तर.”

गुरुवारी गव्हाण्यांचा चुडा. सकाळी आठला बसायचं ते सगळ्या बायकांचं होईस्तोवर.

भाकरी थापताना तिनंच सांगितलं, तव्याकडं बघत, “मी जात नाही पुण्याला. तुम्हाला शब्द दिलाय.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शब्द दिला होता.

बुधवारी दुपारी मी दुकान बंद करून आत आले तर ती चित्रं जुन्या पातळात गुंडाळत होती. माळ्यावर टाकायला. मी म्हटलं, “थांब. हात आले का तरी बघू दे. शिकवणीचं काय झालं ते मला कळू दे.”

तिनं नाखुशीनं गाठ सोडली आणि एकेक चित्र माझ्यापुढं ठेवलं.

मी पहिलं बघितलं आणि हसले. “ही चंद्रभागा माळीण.”

“तोंड तर दिसत नाही तिचं.”

“तोंड कशाला बघू? करंगळी बघ, विळ्यानं छाटलेली. बांगडी तिथं अडकते.” दुसरं चित्र. “ही शिंप्याची कमळ. बोटाच्या टोकाला सुया टोचून घट्टा पडलाय.” तिसरं. “ही नर्सबाई. हिचा हात ताठ. माहेरचं विचारलं तरी सोडत नाही सैल, कारण हिला माहेर नाही.”

मी चित्रामागून चित्र उचलत गेले. एकही हात चुकला नाही. ना तिचा काढताना, ना माझा ओळखताना. गावातल्या आठ बायका त्या कागदांवर घुंगरू धरून उभ्या होत्या, आणि माझ्या दुकानात बसल्यासारख्या वाटत होत्या.

मग शेवटचं चित्र. घुंगरू शेळीच्या गळ्यात बांधणारे दोन हात. पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी. शिरा वर आलेल्या. नखांच्या कडेला काचेनं चिरलेल्या बारीक बारीक रेघा.

“ही कोण गबाळी आणलीस शेवटच्या पानावर?” मी म्हटलं. “पुस्तक खपायला नको का? चांगला एखादा हात काढायचास, गव्हाण्यांच्या थोरल्या सुनेसारखा, त्या शोभासारखा. हे कुणाचे म्हणायचे? खुरपणीच्या बाईचे दिसतायत.”

रेवतीनं चित्र माझ्याकडं आणखी सरकवलं.

“अगं, कुणाचे?”

“आई,” ती म्हणाली, “ते तुमचे आहेत.”

मी हात पदराखाली घेतले. गावातल्या प्रत्येक बाईचा हात मला अंधारात ओळखता येतो. माझा मी कधी बघितलाच नव्हता. बघायला वेळ कुणाला होता?

“बांध ते,” मी म्हणाले. “नीट बांध. कोपरे दुमडतायत.” आणि चपला घालून बाहेर पडले.

दिवेलागणीला परत आले ती तणतणत. “गव्हाण्यांनी चुडा मुरलीधरला दिला. त्यांची आजी म्हणाली, दुकान शेवटी द्वारकाबाईचंच ना, नको ती शंका. झालं तुझ्या मनासारखं. सकाळची पहिली गाडी गाठ.”

रेवती रडायला लागली. “तुमचा असा अपमान केला आणि मी पुण्याला जाऊ? मी तुमच्याजवळ थांबते.”

“माझ्याजवळ थांबून काय करशील? मला वारा घालशील? डबा कर, भाकरी दोन जास्त घे, पुण्यात बाहेर खाऊन पोट बिघडवशील.”

गुरुवारी पहाटे मुलानं तिला गाडीत बसवलं. चित्रांची चळत तिनं मांडीवर धरली होती, लेकरासारखी. ती शुक्रवारी परत आली. तिनं काही सांगायच्या आत मला कळलं, कारण उंबऱ्यातच तिनं माझे पाय धरले. पुस्तक निघालं. मागून दुसरं निघालं. लग्नाचा चुडा मात्र परत कधी आमच्या दुकानात आला नाही. काही वर्षांनी मी दुकानात बांगड्यांबरोबर टिकल्या, पिना ठेवायला लागले.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण असं की, गेल्या महिन्यात रेवतीचं सतरावं पुस्तक आलं आणि गावच्या वाचनालयानं तिचा सत्कार ठरवला. शाल कुणाच्या हस्ते? वाचनालयाच्या अध्यक्षा शोभाताई गव्हाणे, गव्हाण्यांची थोरली सून. रेवतीनं आमंत्रण टेबलावर आपटलं.

“मी जाणार नाही. त्यांच्या हातून तर नाहीच नाही.”

ह्या बयेनं पंचवीस वर्षं गव्हाण्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. शोभा बाजारात हसली की ही भाजीकडं बघायची. शोभा बिचारी दर संक्रांतीला मला विचारायची, “मामी, तुमची रेवती माझ्यावर का रागावलीय?” मी म्हणायची, “चित्रकार माणसं अशीच, तंद्रीत असतात.”

“रेवती, बस खाली,” मी म्हणाले.

“मी नाही जाणार, आई. त्यांनी तुमचा अपमान केला होता.”

“कुणी केला नाही. त्या दिवशी मी गव्हाण्यांकडं गेलेच नव्हते.”

ती बसली.

“मुरलीधरकडं गेले होते.”

मुरलीधर आता नाही, वारला. त्या दिवशी तो दुकानात दिवा लावत होता. मला पायरीवर बघून काडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली.

“वहिनी? या, या. बसा. चहा सांगतो.”

“चहाला आले नाही. उद्या गव्हाण्यांचा चुडा तू भर.”

त्याला वाटलं, काहीतरी डाव आहे. “का? सून आहे की तुमची.”

“तिला काम आहे.”

“चुड्यापेक्षा मोठं?”

“हो.”

“कसलं?”

“चित्रं काढते. पुस्तकासाठी.”

तो हसला. मोठ्यानं हसला, शेजारचा वाणी डोकावून बघायला लागला. मी हसू दिलं. अकरा वर्षांपूर्वी हसला असता तर मी त्याच्या बरण्या रस्त्यावर टाकल्या असत्या.

“आणि गव्हाण्यांना काय सांगू?” तो म्हणाला.

“सांग, द्वारकाबाईला झेपत नाही.”

हे ऐकून तो हसायचा थांबला. मग धंद्याचं बोलायला लागला. “वहिनी, त्या घरात माझं पाऊल नाही कधी. पिढ्यान् पिढ्या तुमचं घर ते. पस्तीस बायका, एकीचं माप मला ठाऊक नाही. सकाळी आठला जायचं. लग्नघरात माप चुकलं, चार जणींच्या हातातून रक्त आलं, तर माझी अब्रू जाईल. मी नाही घेत.”

खरं होतं ते. कासाराची सगळी कमाई म्हणजे त्याच्या डोक्यातली मापं. ती तो भावालाही सांगत नाही. सासूबाईंनी मला गव्हाण्यांच्या घरची मापं सांगितली ती अंथरुणाला खिळल्यावर, खोलीचं दार लावून.

“पेन्सिल घे,” मी म्हणाले.

त्यानं घेतली. मी पायरीवर बसले आणि सांगत गेले. नवरी सव्वादोन, पण डावरी आहे, डावा हात अर्धं सूत मोठा, तो आधी भर. आजीचं अडीच, हाडं ठिसूळ झालीत, तेल लाव. मधली काकू, लहानपणी मनगट मोडलेलं, अंगठ्याकडून दाबू नको, ओरडेल. धाकटी नणंद लाजाळू, तिला तिच्या म्हशीबद्दल विचार. तो लिहीत होता. त्याची पाटी भरली, मग त्यानं पुडी बांधायचे कागद घेतले.

शेवटी तो म्हणाला, “वहिनी, तेव्हा मी जे बोललो होतो...”

“लिहून झालं का?”

“झालं.”

“मग मी जाते.”

एवढं सांगून मी थांबले. रेवती सतरा पुस्तकं काढलेली बाई, पण कासाराचीच पोर. मी मुरलीधरला काय दिलं ते तिला बरोबर कळलं.

“सगळी मापं दिलीत?” ती हळूच म्हणाली. “पस्तीसच्या पस्तीस?”

“छत्तीस. एक चुलती पंढरपूरकडनं येणार होती.”

“आणि मला पंचवीस वर्षं सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं तर तू प्रत्येक पुस्तक माझ्या उपकाराखाली दबून काढलं असतंस. असली पुस्तकं कोण वाचणार?”

तिचे डोळे भरून आले. तिला काही बोलायचं होतं, पण ह्या वयात मला रडारड सोसत नाही. मी आमंत्रण उचलून तिच्या हातात दिलं.

“आणि एवढं तोंड पाडायला काय झालं? त्याला सांगितली म्हणून माझी पुसली का काय? छत्तीसची छत्तीस पाठ आहेत अजून. ती शोभा तेव्हा सव्वादोनची होती. आता अडीचची सुद्धा तेल लावून बसवावी लागेल. जा, शाल घेताना बघ तिचा हात, आणि मला येऊन सांग, मी खोटं बोलते का.”